तळटीप १४ : कलम ३७९

१४. कलम ३७९ – भारतीय दंडविधान (१८६० चा कायदा, अंमल १ जानेवारी १८६२ पासून). चोरीची व्याख्या कलम ३७८ मध्ये होती, शिक्षा ३७९ मध्ये : तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. वस्तू जंगम हवी, दुसऱ्याच्या ताब्यातली हवी आणि त्याच्या संमतीवाचून, लबाडीच्या इराद्याने हलवलेली हवी. 'झाडावरचा आंबा जंगम नव्हेच' हा आरोपीच्या वकिलांचा मुद्दा इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यातला. तिथे फळ तोडून त्याच दमात नेले तर चोरी होत नसे. ती फट बुजवायला पुढे वेगळे कायदे करावे लागले. रत्नागिरीच्या कोर्टात हा मुद्दा टिकणे कठीणच होते. ३७८ च्या स्पष्टीकरणांनुसार जमिनीला जोडलेली वस्तू सुटी होताच चोरीचा विषय होऊ शकते, आणि तोडणे व हलवणे एकाच कृतीत झाले तरी चालते. झेल्यात हापूस देठासकट उतरला की गुन्हा पुरा. चोराने गडगा ओलांडायची गरज नाही. कायमचे हिरावून घेण्याचा इरादा इंग्लंडच्या १९६८ च्या थेफ्ट ॲक्टला लागतो; आपल्याकडे लबाडीने तात्पुरते नेणेही पुरते. (आंब्याच्या बाबतीत 'परत देणार होतो' असे कोणी म्हणेल, हे अवघडच.) १ जुलै २०२४ पासून चोरीची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये आहे. पुढच्या परिच्छेदातले ४०३ हे जुन्या दंडविधानातले अपहाराचे कलम : सापडलेल्या वस्तूचा मालक ठाऊक असूनही ती स्वतःकडे ठेवणे त्यात येत असे.