छोट्या धंद्याचं नाव, रंग आणि बोर्ड: कमी पैशात एकसारखी ओळख कशी ठेवावी

धुळ्यात आमच्या ओळखीचं एक घर आहे. अम्मी घरी खान्देशी काळा मसाला करतात आणि मुलगा तो दुकानोदुकानी पोचवतो. मुलगा आमचाच माजी विद्यार्थी, म्हणून ही गोष्ट जवळून पाहिली. दोन वर्षांत त्यांनी तीन वेळा लेबलं छापली. पहिलं लेबल गडद हिरवं होतं. दुसऱ्यांदा दुसऱ्या प्रेसमध्ये गेले, तिथे हिरव्याचा पोपटी झाला. तिसऱ्यांदा भाच्याने मोबाइलवर लाल रंगाचं नवं डिझाइन बनवलं, आणि नावाचं इंग्रजी स्पेलिंगही बदललं. मसाला मात्र तोच, हातही तोच. रमजानच्या तोंडावर एका किराणा दुकानदाराने पाकिटं परत पाठवली. म्हणाला, ‘गिऱ्हाईक म्हणतं हा डुप्लिकेट माल आहे.’ वर्षातला सगळ्यात मोठा हंगाम हातचा गेला.

ब्रँडिंग म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतं, ही मोठ्या कंपन्यांची चैन आहे. खरं तर मोठी कंपनी एखादी चूक पैशाने निभावून नेते. छोट्या धंद्याला ते जमत नाही. गिऱ्हाईक तुमचा माल नावाने कमी आणि नजरेने जास्त ओळखतं. नजरेला दर वेळी वेगळं काही दाखवलं, तर आधी कमावलेली ओळख वाया जाते. त्यामुळे एकसारखेपणा ठेवायला पैसे कमी लागतात. पुन्हापुन्हा बदलायलाच जास्त लागतात.

अमळनेरचं उदाहरण

याचा मोठा दाखला आपल्याच जळगाव जिल्ह्यात आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी काढली. नाव होतं ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’. सनफ्लॉवर वनस्पती आणि ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण ही तिथली उत्पादनं. १९६६ मध्ये त्यांचं निधन झालं आणि २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट सोडून धंद्यात आले. पुढे जुन्या लांबलचक नावातली अक्षरं घेऊन ‘विप्रो’ हा छोटा शब्द झाला. १९७७ मध्ये विप्रो प्रॉडक्ट्स, १९८२ मध्ये नुसतं विप्रो. कंपनी तुपा-साबणाकडून संगणकाकडे गेली, पण तो शब्द सोडला नाही. सप्तरंगी फुलाचं चिन्ह १९९८ मध्ये घेतलं आणि ते २०१७ पर्यंत, म्हणजे १९ वर्षं चालवलं. आपल्याकडे १९ महिन्यांत तीन बोर्ड बदलतात! आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. संतूर साबणावर त्यांनी विप्रोचा चेहरा लादला नाही, संतूरला त्याची स्वतंत्र ओळख दिली आणि ती जपली.

आपण काही विप्रो नाही, हे खरं. पण नाव एकदा नीट ठरवायचं आणि मग घाईने हलवायचं नाही, एवढं तर कांडपवालाही करू शकतो.

तीन लिप्या, एक नाव

आपल्या घरांमध्ये एक खास अडचण असते. दुकानाचं नाव मराठीत, उर्दूत आणि इंग्रजीत असं तिन्हीकडे लिहिलं जातं. ‘नूर’ हा साधा शब्द घ्या. इंग्रजीत कुणी दोन ‘ओ’ घालून लिहितो, कुणी ‘यू’ घालून. ‘शेख’चं ‘शैख’ होतं, ‘कुरेशी’ची तर चार स्पेलिंगं फिरतात. बोर्डावर एक, बिलबुकावर दुसरं, बँकेत तिसरं. फोनवर शोधणाऱ्याला दुकान सापडत नाही, आणि बँकेत चेक अडकला की मग धावपळ. म्हणून तिन्ही लिप्यांतलं नाव एका कागदावर लिहून काढा, घरातल्या मोठ्यांना दाखवा, आणि कागद गल्ल्यात ठेवा. पुढचं काहीही छापताना तोच कागद द्यायचा.

बोर्डाच्या बाबतीत कायदाही माहीत हवा. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही मराठी देवनागरीत पाटी बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. उर्दू लिहायला आडकाठी नाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवरच्या उर्दूचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने मराठीसोबतची ती उर्दू कायम ठेवली. ती पाटी नगरपरिषदेची होती, दुकानाची नव्हे, पण भाषेबद्दल न्यायालयाचं म्हणणं आपल्या मुलांना वाचून दाखवावं असंच आहे.

एक गोष्ट घरच्यासारखी सांगतो. पाकिटावर, पिशवीवर, कॅरीबॅगवर आयत किंवा अल्लाहचं नाव छापू नका. बरकतीच्या नियतीने लोक छापतात, पण पाकीट शेवटी कचऱ्यात जातं, पायाखाली येतं. धंद्याला साधं, बोलायला सोपं नाव ठेवा. आणि हलालचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं चिन्ह प्रमाणपत्र घेतलं असेल तरच लावा.

फ्लेक्सवाल्याकडून काय मागून घ्यायचं

खरा घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर. जळगावच्या फुले मार्केटजवळ असो की धुळ्याच्या पाचकंदीलला, आपण फ्लेक्सवाल्याकडे जातो, तो कोरलड्रॉमध्ये डिझाइन करतो, आपण प्रिंट घेऊन घरी येतो. फाइल त्याच्या कॉम्प्युटरमध्ये राहते. वर्षभराने त्याचा कॉम्प्युटर बिघडतो किंवा तो दुकान बदलतो. मग नव्या माणसाकडून अंदाजे डिझाइन, अंदाजे रंग. त्या धुळ्याच्या घराचं नेमकं हेच झालं होतं.

डिझाइनचे पैसे देतानाच फाइल मागून घ्यायची, आणि हे आधीच बोलून ठेवायचं. सीडीआर फाइल हवीच, सोबत पीडीएफ, आणि मोबाइलसाठी मागची पार्श्वभूमी नसलेली पीएनजी. सीडीआरमधली अक्षरं ‘कर्व्ह’ करून मागा. नाहीतर एका दुकानात श्री-लिपीत किंवा इनपेजमध्ये टाइप केलेलं नाव दुसऱ्या दुकानात उघडलं की अक्षरांची जागा चौकोन घेतात. या फाइली स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, पेनड्राइव्ह हरवतो.

रंगाचं तसंच. मोबाइलवर दिसणारा हिरवा आणि कागदावर छापलेला हिरवा कधीच अगदी सारखा येत नाही, कारण स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते आणि प्रेस चार शाईंनी. त्या चार शाईंचं प्रमाण आकड्यांत लिहून घेता येतं, त्याला सीएमवायके म्हणतात. ते चार आकडे आपल्या कागदावर उतरवा. शिवाय पहिल्या चांगल्या छपाईचं एक लेबल जपून ठेवा. नव्या प्रेसमध्ये ते समोर ठेवून म्हणायचं, ‘हा रंग हवा.’ आधी एक नमुना, मग बाकीची छपाई. रंग दोनच ठेवा. दोन रंगांत छपाई स्वस्त पडते, एका रंगाचा रबरी शिक्का तर त्याहून स्वस्त. नवा धंदा असेल तर साध्या खाकी पिशवीवर शिक्का मारून सुरुवात करायला अजिबात लाज नाही, शिक्का मात्र रोज तोच हवा.

अक्षरांसाठी पैसे खर्च करायची गरज नाही. मराठीसाठी ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे मुंबईच्या एक टाइपने बनवलेले फॉन्ट मोफत आहेत, उर्दूसाठी गुगलचा ‘नोटो नस्तालीक’ मोफत मिळतो. एक मराठी, एक उर्दू, बस.

ईदच्या ऑफरचा फ्लेक्स वेगळा करायला हरकत नाही. पण नाव त्याच अक्षरांत, त्याच रंगात, त्याच कोपऱ्यात. बाकी चाँद-तारे हवे तेवढे.

मोबाइलवरचं दुकान

व्हॉट्सॲप बिझनेस आणि गुगलवरची दुकानाची नोंद, दोन्ही फुकट आहेत. दोन्हीकडे बोर्डावरचंच नाव आणि तोच फोटो लावा. लोक क्यूआर कोडकडे मात्र दुर्लक्ष करतात. गिऱ्हाईक स्कॅन करतं आणि पैसे भरताना भलत्याच माणसाचं नाव दिसतं, कधी मेहुण्याचं, कधी भावाचं. ते थबकतं, विचारतं, कधी पैसे न देताच ‘नंतर येतो’ म्हणतं. धंद्याच्या नावाने चालू खातं काढलं की हा प्रश्न सुटतो. त्यासाठी लागणारी उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. तिचे पैसे मागणाऱ्या एजंटांपासून सावध राहा.

नाव कुणाच्या मालकीचं

ट्रेडमार्क कायदा १९९९ चा आहे. व्यक्ती किंवा उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. मसाला वर्ग ३० मध्ये येतो, कपडे २५ मध्ये, अत्तर ३ मध्ये, हॉटेल ४३ मध्ये. नोंदणी १० वर्षं चालते, मग नूतनीकरण. अर्ज करण्याआधी संकेतस्थळावर ते नाव कुणी घेतलंय का ते फुकट शोधता येतं. हे काम बोर्ड बनवायच्या आधी करा, नंतर नव्हे. अर्ज केल्यावर ‘टीएम’ लावता येतं. गोलातला ‘आर’ मात्र नोंदणी पूर्ण झाल्याशिवाय लावणं बेकायदा आहे.

आमच्या मते सगळ्यात कठीण भाग फीचा नाही, भावांचा आहे. अब्बांनी नाव कमावलं, मुलं वेगळी झाली, आणि एकाच नावाची दोन दुकानं समोरासमोर उभी राहिली, असं आपल्या शहरांत सर्रास दिसतं. दोघंही ‘जुने आणि खरे’ असा बोर्ड लावतात, आणि गिऱ्हाईक तिसऱ्याकडे जातं. वाटणीच्या कागदात जागा, गाळा, मशीन सगळं लिहितात, फक्त नाव राहून जातं. ते लिहा. नाव कुणाकडे राहील, दुसऱ्याने वापरलं तर कोणत्या शब्दाच्या जोडीने, रंग कोणता. ट्रेडमार्कचा अर्ज कुणाच्या नावाने होतोय, हेही सगळ्यांसमोर ठरू द्या.

त्या मसाल्याच्या घराने शेवटी पहिलं हिरवं लेबलच पुन्हा छापलं. लाल लेबलांचा गठ्ठा पडून होता. त्यांच्या कोऱ्या बाजूवर आता अम्मी मिरची-धण्याचा हिशोब लिहितात.