पहिल्या रेषेचा इतिहास

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांची तयारी करणाऱ्या प्रत्येकाची गाठ आधी घन, शंकू, तांब्या आणि त्यांच्या सावलीशी पडते. मनातले चित्र काढण्याची मुभा पुढे कधीतरी मिळते. त्याआधी सरळ रेषा, वर्तुळ, पुन्हा सरळ रेषा. नवशिक्याला या क्रमाचा कंटाळा येतो आणि तो स्वाभाविकही आहे. पण हा क्रम आला कुठून? आजचा धागा त्याविषयी.

त्याचे मूळ चित्रकाराच्या खोलीत नाही, कारखान्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनच्या यंत्रांवर कापडाचे ढीग निघत होते. परंतु नक्षीच्या सौंदर्यात फ्रान्सचा माल सरस ठरत असे. ही चिंता पार्लमेंटपर्यंत पोहोचली. १८३५ मध्ये चौकशी समिती बसली आणि १८३७ मध्ये लंडनला सरकारी ‘स्कूल ऑफ डिझाइन’ सुरू झाले. १८५१ च्या महाप्रदर्शनानंतर या शिक्षणाची सूत्रे हेन्री कोल यांच्या हाती आली आणि चित्रकार रिचर्ड रेडग्रेव्ह यांच्या साह्याने २३ टप्प्यांचा एक अभ्यासक्रम तयार झाला. तीच पुढे ‘साउथ केन्सिंग्टन पद्धती’ म्हणून ओळखली गेली.

या पद्धतीचे तर्कशास्त्र पाहण्याजोगे आहे. प्रारंभ पट्टी-कंपासने काढलेल्या भौमितिक आकृत्यांपासून. त्यानंतर छापील नमुन्यावरून मुक्तहस्त बाह्यरेषा. म्हणजे सपाटावरून सपाटावर. ते साधले की प्लॅस्टरची प्रतिकृती समोर येई आणि खरी अडचण इथे सुरू होई, कारण गोलाई असलेली वस्तू कागदावर उतरवताना डोळा फसतो. हात ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीवर अंगठा सरकवून उंची-रुंदीचे प्रमाण घ्यायचे आणि उभ्या रेषेसाठी ओळंब्याचा आधार घ्यायचा. छायेचे काम यानंतरचे, आणि तेही पुन्हा सपाटापासून गोलाईकडे याच क्रमाने. खडूने ठिपक्या-ठिपक्यांनी छाया भरत, पावाचा गर मळून त्याने खोडत, विद्यार्थी एकेका चित्रावर महिनोन्महिने घालवीत. स्वतःची रचना अगदी शेवटच्या टप्प्यांत. कुशल नक्षीकार घडवायचा असेल तर हा क्रम चोख आहे. चित्रकार घडवण्याचे उद्दिष्ट त्यात मुळातच दुय्यम होते.

साउथ केन्सिंग्टनचे संग्रहालय १८५७ मध्ये उघडले. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये, चित्रकलेचा एक वर्ग भरू लागला. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या १ लाख रुपयांच्या देणगीतून उभे राहिलेले हेच ते सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. १८६५ मध्ये जॉन ग्रिफिथ्स आणि जॉन लॉकवुड किपलिंग (रडयार्डचे वडील) इथे शिकवायला आले. दोघांनीही साउथ केन्सिंग्टनला काम केलेले होते. साहजिकच पद्धतीही तिथलीच आली. ज्या ग्रीक-रोमन देवांच्या कथा मुंबईच्या विद्यार्थ्याने कधी ऐकल्या नव्हत्या, त्यांची प्लॅस्टरची नाके तो मोजू लागला!

यातील विसंगती बोचणारी आहे. भारतीय माणूस नक्कल उत्तम करतो, कल्पकता मात्र त्याच्यापाशी नाही, असे अनेक इंग्रज अधिकाऱ्यांचे मत होते. आणि विद्यार्थ्याकडून वर्षानुवर्षे करवून घेतले जात होते ते नक्कलच. रोग आणि वैद्य एकाच घरचे, असे म्हणावे लागेल.

तरीही या सरावाला निव्वळ पारतंत्र्याची बेडी ठरवणे मला पटत नाही, आणि त्याचे कारण अजिंठ्यात आहे. १८७२ पासून १८८५ पर्यंत, मधले खंड धरून, ग्रिफिथ्स यांनी जे.जे.च्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तैलरंगात करून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या चमूतले एक. ठिपक्यांनी छाया भरायला शिकलेली ही मुले अशा चित्रांसमोर उभी राहिली, जिथली आकृती प्रामुख्याने रेषेवर तोललेली आहे. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत एका दमात उतरणारी ती रेषा टिपायची, तर नजर आणि मनगट दोन्ही तयार हवीत. ती तयारी प्लॅस्टरपुढच्या रटाळ तासांनीच करून दिली होती. अजिंठ्याच्या नकला करणे म्हणजे हरवलेली परंपरा हाताने वाचणे होते. या प्रतिकृतींपैकी अनेक चित्रे १८८५ च्या लंडनमधील आगीत जळाली. उरलेल्या सामग्रीवर ग्रिफिथ्स यांचा द्विखंडी ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला.

शाळेतले प्लॅस्टर मात्र हलले नाही. १८९० मध्ये कोल्हापूरहून आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर याच शिस्तीत शिकले, पुढे तिथेच शिक्षक झाले आणि ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मचरित्र लिहून गेले. नग्न मानवाकृतीवरून रेखाटनाचा नियमित वर्ग सुरू व्हायला ग्लॅडस्टन सोलोमन यांची कारकीर्द उजाडावी लागली. म्हणजे शाळेला साठ वर्षे उलटून गेली होती. त्यांनी भित्तिचित्रांचाही वर्ग काढला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस नव्या दिल्लीच्या सचिवालयात जे.जे.चे विद्यार्थी भिंती रंगवत होते. समोर नमुना नव्हता, रचना त्यांची स्वतःची होती.