लेखनसीमा आणि ६५,५३५ बाइट

एका तालुक्याच्या गावातील वाचनालयाने आपल्याकडील मोडी दप्तराची छायाचित्रे काही वर्षांपूर्वी डेटाबेसमध्ये साठवली. ती पाहायला मी गेलो, तेव्हा पडद्यावर प्रत्येक कागदाचा वरचा भाग तेवढा दिसला. श्री, मायना, पहिल्या एक-दोन ओळी. त्याखाली सपाट करडा रंग. दोष कागदाचा नव्हता, कॅमेऱ्याचाही नव्हता. डेटाबेसमधील एकेका चित्राची लांबी मोजली, तर सगळ्यांची सारखीच निघाली : ६५,५३५ बाइट. निरनिराळ्या कागदांची चित्रे अशी एकाच वजनाची भरत नाहीत. कोणीतरी ती एका मापाने कापली होती, आणि कापताना ब्रही काढला नव्हता.

याचे मूळ बरेच मागे आहे. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. तिच्यावर उभ्या राहिलेल्या प्रणाली मुख्यतः नाव, रक्कम, तारीख अशा आटोपशीर नोंदींसाठी होत्या. जमाखर्चाची वहीच म्हणा. चित्र किंवा ध्वनी या वहीच्या रकान्यात मावणारे नव्हते. आतला आशय न पाहता बाइटांचा अख्खा गोळा जसाच्या तसा ठेवावा, ही सोय ‘ब्लॉब’ या नावाने आणली ती अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या जिम स्टार्की यांनी. नाव त्यांनी घेतले १९५८ सालच्या ‘द ब्लॉब’ या चित्रपटातून. त्यात आकाशातून पडलेला एक जेलीसारखा गोळा माणसे गिळत फुगत जातो. ‘बायनरी लार्ज ऑब्जेक्ट’ हे भारदस्त पूर्ण रूप मागाहून चिकटवलेले आहे. मला मूळची थट्टाच अधिक प्रामाणिक वाटते.

हा गोळा आवरायचा कसा, याची उत्तरे प्रत्येकाने आपापल्या परीने शोधली. पोस्टग्रेसमध्ये एक पान साधारणपणे ८,१९२ बाइटांचे असते आणि एक नोंद एका पानातच मावली पाहिजे, असा नियम होता. मोठी नोंद आली की ती सरळ नाकारली जाई. २००१ सालच्या ७.१ आवृत्तीत यान वीक यांनी केलेली ‘टोस्ट’ ही रचना आली. मोठा मजकूर आधी दाबून लहान करायचा, तरीही मावला नाही तर सुमारे दोन-दोन हजार बाइटांचे तुकडे करून वेगळ्या टेबलात ठेवायचे आणि मूळ नोंदीत फक्त पत्ता लिहायचा. वापरणाऱ्याला यातले काही कळतही नाही.

वाचनालयाचा डेटाबेस मात्र मायएसक्यूएलचा होता. तिथे ब्लॉबच्या चार जाती आहेत. त्यांचा फरक एवढाच, की चित्राची लांबी लिहून ठेवायला कोणती जात किती बाइट खर्च करते. एक बाइट असेल तर कमाल लांबी २५५. दोन असतील तर ६५,५३५. तीन असतील तर १,६७,७७,२१५. चार असतील तर ४,२९,४९,६७,२९५. यांतल्या दोन बाइटांच्या जातीचे नाव नुसते ‘ब्लॉब’. नवशिक्या माणूस तेच निवडणार, आणि इथेही तेच झाले होते.

पण जास्तीचे नाकारण्याऐवजी कापून का घेतले? मायएसक्यूएलच्या सुरुवातीच्या टेबलांना अर्धवट झालेले काम मागे फिरवता येत नसे. हजार नोंदी एकदम भरताना पाचशेव्या नोंदीवर थांबले, तर आधीच्या चारशे नव्व्याण्णव तशाच राहणार. त्यापेक्षा चुकीची किंमत जवळच्या बसत्या किमतीवर आणून पुढे जावे, असा निर्णय झाला. आकड्यांच्या बाबतीत तो एक वेळ चालेल. चित्राला ‘जवळची किंमत’ नसते. इशाऱ्याची नोंद होई खरी, पण भरणाऱ्या प्रोग्रामने विचारले तरच ती दिसे. कडक तपासणीची सोय ५.० मध्ये आली, ती आपोआप लागू झाली २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून. त्यानंतर जास्त लांबीचे चित्र आले की सरळ त्रुटी येते.

दुसरी वेस पाठवण्याच्या वाटेवर आहे. सर्व्हर एका वेळी किती मोठे गाठोडे स्वीकारील, याची मर्यादा पूर्वी एक मेगाबाइट होती. पुढे ती चार झाली, आणि ८.० मध्ये चौसष्ट. ती ओलांडली की कधी कधी ‘सर्व्हर निघून गेला’ अशा अर्थाचा संदेश येतो. माणूस बिचारा वायरी तपासत बसतो. तरी हा बोलका अडथळा मला त्या मुक्या कात्रीपेक्षा बरा वाटतो.

वाचनालयातील रकाना चार बाइटांच्या जातीचा केला, गाठोड्याची मर्यादा वाढवली, कडक तपासणी चालू केली. पुढची चित्रे नीट जाऊ लागली. कापलेले मात्र त्याने परत येत नाही, आणि ‘आता डेटाबेसमध्ये आहेतच’ म्हणून मूळ फाइली पुसल्या गेल्या होत्या.

नेमकी किती चित्रे गेली हे मोजायला एक खूण उपयोगी पडली. जेपेग चित्राच्या शेवटी ‘एफएफ डी९’ हे दोन बाइट असतात. चित्र इथे संपले, एवढेच ते सांगतात. मराठी कागदपत्रांत हेच काम मोर्तब करते. पत्र संपले, याखाली कोणी भर घालू नये, म्हणून तिथे लेखनसीमेचा शिक्का उठवत. ज्या चित्रांना ती दोन बाइटांची लेखनसीमा नव्हती, त्यांची यादी केली. साठवण्याआधीची आणि नंतरची लांबी ताडून पाहण्याचा एक छोटा प्रोग्रामही आता तिथे रोज चालतो.

वाचनालयात असलेल्या कागदांची छायाचित्रे पुन्हा काढता आली. काही रुमाल मात्र छायाचित्रे घेऊन त्या त्या घरी परत केले होते. त्यांतील एक वाडा मधल्या काळात पाडला गेला आणि तिथले तीन रुमाल कुठे गेले ते घरच्यांनाही सांगता येत नाही. जुन्या पत्रांत चंद्र, म्हणजे तिथीची नोंद, बहुधा शेवटी येते. त्यामुळे या तीन रुमालांतील पत्रे कोणी कोणाला लिहिली ते वाचता येते. केव्हा लिहिली, ते येत नाही. मी त्यांची सूची केली आहे, आणि तारखेचा रकाना मोकळा ठेवला आहे.