तोफांच्या गडगडाटात झोपणारा ज्यो : एका निदानाची १४० वर्षे

१/१२
१८३६ साली चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी दरमहा हप्त्यांनी प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यात ज्यो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. लष्करी कवायतीत तोफा धडाडत असतानाही तो धन्याच्या घोडागाडीवर गाढ झोपलेला असतो, आणि पंगतीत वाढायला उभा केला तर तिथेच घोरू लागतो. ज्यो हे विनोदी पात्र ठरले.

२/१२
त्या विनोदामागे एक गृहीत होते : दिवसा झोपणारा माणूस आळशी किंवा खादाड असतो. आपणही अशाला ‘कुंभकर्ण’ म्हणून मोकळे होतो. हे गृहीत मोडायला वैद्यकशास्त्राला सुमारे १४० वर्षे लागली. डॉक्टर रुग्णाला दिवसा तपासत होते. आजार मात्र रात्री घडत होता.

३/१२
दिवसाच्या झोपेला आजार मानण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. १८८० साली फ्रेंच डॉक्टर झेलिनो याने ‘नार्कोलेप्सी’ हे नाव दिले. त्याचा रुग्ण पिंपांचा व्यापार करणारा ३८ वर्षांचा गृहस्थ होता. त्याला दिवसातून २०० वेळांपर्यंत झोपेचे झटके येत. पण निदानाचा सारा आधार रुग्णाचे कथन हाच होता.

४/१२
झोपेच्या आत डोकावणारे साधन पुढच्या शतकात आले. जर्मनीतील हान्स बर्गर याने १९२९ मध्ये मानवी मेंदूचा विद्युत आलेख प्रसिद्ध केला. १९५३ मध्ये शिकागोच्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवले, की झोपेत ठरावीक काळाने बुबुळे वेगाने हलतात. झोप एकजिनसी नसून तिचे टप्पे असतात, हे ठळक झाले.

५/१२
१९५६ साली अमेरिकेत बर्वेल आणि सहकाऱ्यांनी एका अतिलठ्ठ रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. पोकर खेळताना त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले. पण बोली लावण्याऐवजी तो झोपी गेला! ही संधी हुकल्यावर तो रुग्णालयात दाखल झाला. डॉक्टरांना ज्यो आठवला, आणि आजाराला नाव पडले ‘पिकविकियन सिंड्रोम’.

६/१२
नाव गाजले, स्पष्टीकरण मात्र अपुरे होते. लठ्ठपणामुळे श्वसन उथळ होते, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि त्यामुळे गुंगी येते, असे मांडले गेले. हा बिघाड खरा होता. पण ती सगळी मोजमापे जाग्या माणसाची होती. रात्रभर रुग्णाच्या उशाशी कोणी बसले नव्हते.

७/१२
१९६५ मध्ये ते घडले, आणि तेही दोन ठिकाणी स्वतंत्रपणे : फ्रान्समधील मार्सेय येथे गास्टो यांच्या गटात आणि जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे युंग व कूलो यांच्याकडे. झोपलेल्या रुग्णाच्या मेंदूचे आलेख आणि श्वसन यांची एकत्र नोंद झाली.

८/१२
मार्सेयच्या नोंदींत रुग्णाची छाती श्वासासाठी धडपडत होती, पण नाकातोंडातून हवा जात नव्हती. घसा मिटला होता. मग मेंदू क्षणभर जागा होई, मोठ्या घोरण्यासह श्वास सुटे, पुन्हा झोप लागे. हे चक्र रात्रभर चाले. ज्याला ‘फार झोपतो’ म्हणून हिणवले, त्याला खरी झोप मिळतच नव्हती.

९/१२
१९६९ साली कूलो आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या गळ्याला छेद देऊन, मिटणाऱ्या घशाच्या खालूनच श्वासाला वाट करून दिली. दिवसाची झोप ओसरली. अडथळा घशातच आहे, याचा हा ठोस पुरावा होता. मात्र आयुष्यभर गळ्यात नळी बाळगणे ही त्याची किंमत होती.

१०/१२
१९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या गिलमिनो आणि सहकाऱ्यांनी ‘स्लीप ॲप्निया सिंड्रोम’ ही संज्ञा रूढ केली. सडपातळ माणसांनाही हा आजार होतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी त्यांनी आठ मुलांच्या नोंदीही प्रसिद्ध केल्या. पिकविकचे नाव मागे पडले, आणि लठ्ठपणाची अटही गेली.

११/१२
आजची ‘पॉलिसोम्नोग्राफी’ ही त्याच रात्रींची वारस आहे. मेंदूचे आलेख, बुबुळांची हालचाल, हवेचा प्रवाह, छातीची धडपड आणि रक्तातील ऑक्सिजन एकाच वेळी नोंदले जातात. प्रौढांत किमान १० सेकंद श्वास थांबला, तर ती एक घटना धरतात. श्वास बराच मंदावण्याच्या घटनाही मोजतात. तासाला ५ ते १५ घटना म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० वा अधिक म्हणजे तीव्र आजार.

१२/१२
१९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवण्याची पद्धत पाच रुग्णांवर यशस्वी करून दाखवली. गळा कापण्याची वेळ बहुतेकांवर येईनाशी झाली. पण आपला श्वास अडतो, हे रुग्णाला सहसा सकाळी आठवत नाही. ते शेजारी झोपणाऱ्याला दिसते. म्हणून मोठमोठ्याने घोरणारा, मध्येच निःशब्द होऊन दचकणारा आणि दिवसा पेंगणारा माणूस घरात असेल, तर त्याला हसण्याआधी डॉक्टरांकडे न्यावे. ज्योला तसे कोणी नेले नाही.