नोटिशीचा कागद आणि परदेशातील विवाह

इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारे मराठी तरुण मला एक प्रश्न वारंवार विचारतात. कंपनीने परदेशी पाठविले, जोडीदारही तेथेच भेटला. आता विवाह तेथेच करावयाचा असल्यास कायदा काय मागतो? उत्तरादाखल कागदपत्रांची यादी देता येते. परंतु त्या यादीमागील इतिहास ठाऊक नसेल, तर प्रत्येक कागद म्हणजे सरकारी अडवणूक वाटू लागते.

मूळ तत्त्व असे, की विवाह कोणत्या पद्धतीने लावावा हे ज्या भूमीवर तो लागतो तेथील कायदा ठरवितो; वधूवर विवाहास पात्र आहेत की नाहीत, हे मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या देशाचा कायदा पाहतो. मराठी माणसाला हे शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नव्हता. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा परदेशच होता. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि त्याच वर्षी विवाह हा नागरी करार ठरविणारा कायदा झाला. तो पुढे गोव्यातही लागू झाला. सावंतवाडीची मुलगी पेडण्यात दिली, तर मंगलाष्टकांनी समाजाचे समाधान होई, कायद्याचे नव्हे. नोंदणी कार्यालयात आधी इरादा जाहीर करावयाचा, हरकतींसाठी मुदत जाऊ द्यावयाची आणि मग पुन्हा येऊन सही करावयाची, ही पद्धत गोव्यात आजही आहे. स्वतंत्र करार केलेला नसल्यास पतिपत्नींची संपत्ती समाईक मानली जाते, हेही तेथील वैशिष्ट्य. याउलट, हिंदू विवाह कायद्याखाली विधीच झाला नसेल तर नुसत्या नोंदीने विवाह सिद्ध होत नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले.

ब्रिटिश हिंदुस्थानात नागरी विवाहाची वाट १८७२ च्या कायद्याने उघडली. केशवचंद्र सेन आणि ब्राह्मो समाज यांच्या खटपटीतून तो आला. त्याखाली विवाह करणाऱ्यांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याही धर्माचे नाही, असे जाहीर करावे लागे. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांची ही अट १९२३ मध्ये हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने सुटली. विवाहापूर्वी चौदा दिवसांची नोटीस मात्र राहिली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्माचा प्रश्नच दूर केला, परंतु नोटिशीची मुदत तीस दिवसांवर नेली.

परदेशातील विवाहांसाठी आपल्याकडे १९०३ चा कायदा होता. तो ब्रिटिश प्रजाजनांच्या सोयीचा. स्वतंत्र देशाच्या नागरिकांसाठी वेगळी व्यवस्था हवी, हे विधी आयोगाने १९६२ च्या आपल्या तेविसाव्या अहवालात मांडले आणि १९६९ मध्ये परदेशी विवाह कायदा झाला. दोघांपैकी एक जण भारतीय नागरिक असला तरी पुरते. वराचे वय एकवीस व वधूचे अठरा पूर्ण असावे, कोणाचाही पूर्वीचा जोडीदार हयात नसावा. एकाचे वास्तव्य त्या अधिकाऱ्याच्या क्षेत्रात किमान तीस दिवसांचे असावे. मग आपल्या वकिलातीतील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावयाची, हरकतींसाठी तीस दिवस थांबावयाचे आणि तीन साक्षीदारांसमक्ष विवाह करावयाचा. निषिद्ध नात्यांच्या यादीत मामाची मुलगीही आहे. परंतु दोघांपैकी एकाच्या रूढीस असा विवाह मान्य असल्यास कायदा आड येत नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही प्रांतांची ओळख त्या एका परंतुकात दिसते. त्या देशाच्या कायद्याने मात्र तो विवाह निषिद्ध असेल, तर आपला अधिकारीही नकार देऊ शकतो.

या साऱ्याचा कणा नोटीस हा आहे. परदेशी दिलेली नोटीस भारतातही प्रसिद्ध व्हावी, असे कायदा सांगतो. देशातल्या देशातही तेच: इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्या तरुणाने बेंगळुरूत विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली आणि त्याचे कायमचे घर सांगलीत असेल, तर तिची प्रत सांगलीच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते. माणूस जेथे ओळखला जातो तेथे वार्ता पोहोचावी, म्हणजे पहिले लग्न लपविणारा उघडा पडेल, हा हेतू. तेथील स्थानिक कायद्याने लग्न करणाऱ्याकडे परका निबंधक अविवाहित असल्याचा दाखला मागतो, तोही याचसाठी. आपल्याकडे सर्व विवाहांची एकच राष्ट्रीय नोंदवही नाही. म्हणून प्रतिज्ञापत्रावर विसंबावे लागते. २००५ पासून भारत अपॉस्टिल करारात आहे, त्यामुळे करारातील बहुतेक देशांत अशा कागदावर परराष्ट्र मंत्रालयाची एक मोहोर चालते. मोहोर सहीची खात्री देते. मजकुराच्या खरेपणाची नव्हे.

येथेच प्रशासनाची खरी कसोटी आहे. नोटीस नसेल तर फसविली गेलेली वधू परक्या देशात एकटी पडते; अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी सर्वंकष कायदा हवा, अशी शिफारस विधी आयोगाने २०२४ मध्ये केली ती अशा अनुभवांमुळेच. परंतु तीच नोटीस, घरच्यांचा रोष पत्करून आंतरजातीय वा आंतरधर्मीय विवाह करणाऱ्या मुलीचा पत्ता नको त्या हाती देते. २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विशेष विवाह कायद्याखालील नोटीस प्रसिद्ध करणे वधूवरांच्या इच्छेवर सोडले, ते या दुसऱ्या भयामुळे. माझे मत असे, की पूर्वविवाहाची शहानिशा राज्याने स्वतःच्या नोंदींतून करावी; ते काम शेजाऱ्यापाजाऱ्यांवर आणि भिंतीवरच्या कागदावर सोपवू नये.

तशी नोंदवही होईपर्यंत जुनाच मार्ग आहे. म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एवढेच सांगतो: कार्यालय ठरविण्यापूर्वी त्या देशाच्या निबंधकाकडे आणि आपल्या वकिलातीत, दोन्हीकडे चौकशी करा, आणि मुहूर्त धरण्याआधी वास्तव्याचे तीस व नोटिशीचे तीस दिवस मोजून घ्या.