वऱ्हाडातील आमदारकीची कुळकथा

अमेरिकेतील राज्य विधिमंडळांची परंपरा 1619 मध्ये व्हर्जिनियात भरलेल्या लोकनियुक्त सभेपासून, म्हणजे संघराज्याच्या जन्माआधीपासून चालत आली. वाशीम जिल्ह्यातील अनसिंग हे गाव ज्या वऱ्हाडात मोडते तेथे मात्र आमदारकी वरून खाली उतरली, आणि तीही आडवाटेने. निजामाने 1853 मध्ये कंपनीच्या हवाली केलेला आणि 1903 पासून कारभारापुरता मध्य प्रांताला जोडलेला हा मुलूख कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हता, त्यामुळे 1914 मध्ये सुरू झालेल्या मध्य प्रांताच्या विधिपरिषदेवर वऱ्हाडातून निवडून आलेल्या गृहस्थाला सरकारी नेमणुकीचा शिक्का बसल्यावरच सभासदत्व मिळे. निवडणूक खरी आणि नेमणूक नावापुरती, असा हा मासलेवाईक प्रकार होता. 1937 च्या निवडणुकीने 112 जागांची विधानसभा आली, तरी प्रत्येक प्रौढाला मत मिळण्यासाठी 1952 उजाडावे लागले.

त्याच निवडणुकीत अनसिंगहून रस्ता जातो त्या पुसदमधून, तेथील नगराध्यक्षपद भूषवलेले वकील वसंतराव नाईक हे मध्य प्रदेशच्या विधानसभेवर गेले. नागपूरला असताना ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले, 1956 मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यावर मंत्री, आणि 1963 ते 1975 अशी अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री. राज्य बदलले, राजधानी बदलली, पण मतदारसंघाशी असलेले नाते टिकले.

त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा होऊन 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या, म्हणजे जिल्हा आणि तालुका पातळीवरील लोकनियुक्त संस्था, उभ्या राहिल्या. आमदारांना या संस्थांचे पदसिद्ध सभासदत्व द्यायचे नाही, हा त्यातील निर्णय दूरदृष्टीचा मानावा लागेल, कारण त्यामुळे गावपातळीच्या कार्यकर्त्याला आमदाराच्या सावलीबाहेर स्वतःचे क्षेत्र मिळाले आणि विद्यमान आमदाराचा उद्याचा प्रतिस्पर्धीही बहुधा तेथेच तयार होऊ लागला.

अमेरिकेत लिंकन किंवा ओबामा यांच्यासाठी इलिनॉयचे विधिमंडळ ही वॉशिंग्टनकडे नेणारी पायरी ठरली. नाईकांच्या बाबतीत दिल्ली मुख्यमंत्रिपदानंतर आली: पुसद 1905 पर्यंत ज्या जिल्ह्यात होते, त्या वाशीमच्या नावाच्या मतदारसंघातून ते 1977 मध्ये लोकसभेवर निवडून गेले.