मुंकेगोर शाळा

ही शाळा कोपनहेगनच्या उत्तरेकडील गेन्टोफ्टे या उपनगरातील एक ‘फोल्केस्कोले’ आहे. डेन्मार्कमध्ये सहा-सात वर्षांच्या बालकापासून पंधरा-सोळा वर्षांच्या कुमारापर्यंत सर्वांना एकाच छपराखाली विनामूल्य शिकविणाऱ्या सार्वजनिक शाळेस ‘फोल्केस्कोले’ म्हणतात. सरकारी खजिन्याचे दिवाळे १८१३ मध्ये निघाले असतानाही दुसऱ्याच वर्षी राजाज्ञेने सात वर्षांचे शिक्षण सक्तीचे करणाऱ्या त्या राष्ट्राच्या दीर्घदृष्टीचे अशा शाळा हे फळ होय. वास्तुविशारद आर्ने याकोबसेन यांच्या आराखड्यानुसार उभी राहून १९५७ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीचा विशेष असा, की शेकडो मुलांची शाळा एखाद्या दरबारी वास्तूप्रमाणे उंच न चढविता त्यांनी ती बहुतांशी एकमजली ठेवली, वर्गावर्गाला लागून लहानसे अंगण दिले आणि प्रत्येक अंगणाची फरसबंदी व झाडेझुडपे निरनिराळी योजिली. त्यामुळे प्रथमच घर सोडून आलेल्या बालकास आपला वर्ग आपल्या अंगणावरून ओळखता येई, आणि उतरत्या छपराखालच्या उंच खिडक्यांतून येणारा प्रकाश मागच्या बाकापर्यंत पोहोचे. बाके, खुर्च्या, पडदे, इतकेच नव्हे तर ध्वनिक्षेपकही त्यांनीच रेखाटले. पुढे ही इमारत संरक्षित वारसा ठरल्याने, २००९ च्या सुमारास जागेची निकड भागविताना वास्तुविशारद डोर्टे मान्ड्रुप यांनी नवे दालन भूमीखाली बांधले व काचेच्या अंगणांतून तेथवर ऊन उतरविले. सार्वजनिक शाळा म्हणजे काटकसरीची ओसाड कोठडी नव्हे, हे या वास्तूने कृतीने सिद्ध केले.